प्राणहिता : नाव बदलणारी नदी

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

दुपारची भांडी आवरून, कोणी तांदूळ निवडत, कोणी बिड्यांची पाने कातरत रेडिओ ऐकत असाल. हातातले काम सोडू नका. आज मी तुम्हाला एका नदीची गोष्ट सांगणार आहे. ही नदी रोज आपल्या डोळ्यांसमोरून वाहते. आपण तिच्यात धुणे धुतो, तिच्या रेतीत डांगर-काकडी लावतो, तिच्या पलीकडे लेकी देतो आणि पलीकडून सुना आणतो. पण तिचे नाव प्राणहिताच का, ती कुठून सुरू होते आणि ती दोन राज्यांची सीमा कधी झाली, असे कोणी विचारले तर आपण गप्प बसतो. मी तीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला, तरी यातले बरेचसे मला निवृत्तीनंतरच नीट कळले. ते कळायला एक कारण घडले. ते शेवटी सांगते.

आधी नदीचा आकार डोळ्यांसमोर आणा. लहान मुलांची गलोल आठवते ना? लाकडाची बेचकी, वर दोन फाटे आणि खाली धरायची मूठ. नकाशासमोर उभे राहून पाहिले तर डावा फाटा म्हणजे वर्धा नदी आणि उजवा फाटा म्हणजे वैनगंगा. दोन्ही फाटे जिथे जुळतात तिथून खालची मूठ म्हणजे आपली प्राणहिता. गलोलीच्या मुठीसारखीच ती आखूड आहे, फक्त ११३ किलोमीटर. दोन्ही फाटे मात्र प्रत्येकी पाचशे किलोमीटरहून लांब आहेत.

वर्धा नदी मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईच्या बाजूला उगम पावते. त्याच मुलताईत तापीचाही उगम आहे. एकाच मुलखातल्या या दोन नद्यांपैकी तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते आणि वर्धा दक्षिण-पूर्वेला वळून शेवटी बंगालच्या उपसागराची वाट धरते. एकाच आळीतल्या दोन मैत्रिणी, एक मुंबईकडे दिलेली, एक आंध्राकडे. वाटेत वर्धेला पैनगंगा मिळते. ती बुलढाण्याकडून, अजिंठ्याच्या डोंगररांगेतून आलेली असते.

वैनगंगेचा उगमही मध्य प्रदेशातच, सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावाजवळ. ती आधी सिवनी-बालाघाटकडून मोठा वळसा घेते, मग भंडारा-गोंदियाच्या धानाच्या मुलखात उतरते. पवनीजवळ गोसीखुर्दच्या धरणातून निघून ती चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या मधून खाली येते. चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याचे प्राचीन देऊळ आहे, तेही वैनगंगेच्याच काठावर. महाशिवरात्रीला तिथे गेलेल्या बायांना ती नदी ओळखीची असेल.

या दोघी चपराळ्याजवळ भेटतात. संगमावर उभे राहिले की एका बाजूला गडचिरोली जिल्हा, दोन नद्यांच्या बेचक्यात चंद्रपूर जिल्ह्याचे टोक आणि पलीकडे तेलंगणातले तुमडीहेटी गाव. तिथून पुढे नदीला ना वर्धा म्हणत, ना वैनगंगा. तिथून ती प्राणहिता. अहेरी आणि सिरोंचा हे आपले दोन तालुके डाव्या काठाला ठेवून ती दक्षिणेकडे जाते आणि सिरोंच्याला गोदावरीत मिळते. समोर कालेश्वरमचे देऊळ आहे. त्या देवळात एकाच पानवट्यावर दोन लिंगे आहेत, एक यमाचे आणि एक शिवाचे. आपल्या भागातल्या बाया तिथे दर्शनाला जातात.

गोदावरीचीही गंमत पाहा. नाशिकजवळ त्र्यंबकेश्वरला उगम पावून ती सगळा मराठवाडा ओलांडते आणि नांदेड जिल्ह्यातून तेलंगणात जाते. महाराष्ट्राचा निरोप घेतला असे वाटते. पण सिरोंच्याला ती पुन्हा आपल्या सीमेला येऊन टेकते. तिथे प्राणहिता तिला मिळते आणि प्राणहितेचे नाव संपते. तेथून पुढचे पाणी गोदावरीचे.

आता एक आकडा सांगते, तो लक्षात ठेवा. वर्धा, वैनगंगा, पैनगंगा आणि त्यांच्या सगळ्या उपनद्या मिळून प्राणहितेचे जे खोरे होते, ते सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटरचे आहे. गोदावरीचे सगळे खोरे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गोदावरीच्या खोऱ्यातला तिसरा हिस्सा या एका उपनदीचा. नागपूर, अमरावती, यवतमाळ, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, या सगळ्या मुलखावर पडलेला बराचसा पाऊस शेवटी आपल्या दारावरून जातो. वरती चार दिवस झड लागली की आपल्याकडे आभाळ कोरडे असले तरी नदी फुगते. म्हणून आपल्या आजीसासवा सांगायच्या की नदीकाठच्या माणसाने आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहू नये, उत्तरेकडचे पाहावे. जुलै २०२२ मध्ये हेच झाले. सिरोंच्याकडे पाणी शिरले ते एकट्या आपल्या पावसाचे नव्हते.

आता नावांकडे वळू या.

वर्धा या नावाचे जुने रूप वरदा. वर देणारी ती वरदा. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात ही वरदा येते, आणि गंमत म्हणजे सीमा म्हणूनच येते. विदर्भाच्या राज्यावरून दोन चुलतभावांचे भांडण असते, यज्ञसेन आणि माधवसेन. राजा अग्निमित्र शेवटी निवाडा करतो की राज्य दोघांत वाटून द्यावे, एकाने वरदेच्या उत्तरेला राज्य करावे, दुसऱ्याने दक्षिणेला. घरातल्या वाटणीत मधे भिंत घालतात तशी मधे नदी घातली. नाटकाची नायिका मालविका ही याच माधवसेनाची बहीण. आपली ओळख लपवून ती अग्निमित्राच्या राणीकडे दासी म्हणून राहिलेली असते. विदर्भाची राजकन्या असूनही तिला बरेच दिवस कोणी ओळखत नाही. नाटक पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वीचे आणि त्यातली कथा त्याहून जुनी. म्हणजे नदीची सीमा करायची रीत इंग्रजांनी आणली नाही. ती आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे.

वैनगंगेचे नाव जुन्या ग्रंथांतल्या वेणा किंवा वेण्वा या नावाशी जोडतात. त्याला पुढे गंगा चिकटली. पैनगंगेलाही तशीच. आपल्या लोकांना मोठी नदी दिसली की तिला गंगा म्हटल्याशिवाय राहवत नाही. मराठवाड्यात गोदावरीलाच सरळ गंगा म्हणतात. गंगा हे तिथे एका नदीचे नाव राहत नाही, मोठ्या नदीला मान देऊन मारलेली हाक होते. आपण मोठ्या बाईला नाव न घेता आई, माय म्हणतो, तसे.

आणि प्राणहिता? प्राण आणि हित असे दोन शब्द. प्राणांचे हित करणारी. तेलुगूतही हेच नाव आहे आणि अर्थही तोच. सीमेवरच्या गावांची, डोंगरांची नावे दोन्ही भाषांत वेगवेगळी ऐकू येतात, पण या नदीला मराठी बाई आणि तेलुगू बाई एकाच नावाने हाक मारतात. मला याचे फार अप्रूप वाटते.

पण हे नाव कागदावर नेहमीच होते असे नाही. १८६० साली हैदराबादचा निजाम आणि इंग्रज यांच्यात एक तह झाला. निजामाने गोदावरीच्या डाव्या काठाचे काही तालुके इंग्रजांना दिले. त्यात आपले सिरोंचा होते, आणि भद्राचलम, चेरला, नुगूर, अल्बाका, राकपल्ली हे होते. बदल्यात निजामाला रायचूरचा दोआब आणि धाराशिव परत मिळाले. म्हणजे सिरोंचा इकडे आले आणि धाराशिव तिकडे गेले. त्या तहात नदीचा उल्लेख आहे, पण गोदावरीच्या संगमापर्यंत येणाऱ्या नदीला त्यात वैनगंगा म्हटले आहे. आपण जिला प्राणहिता म्हणतो, तिला साहेबाच्या कागदात वेगळे नाव नाही. वैनगंगाच पुढे चालत आली असे त्यांनी धरले. काठावरच्या माणसांनी मात्र आपले नाव सोडले नाही, आणि आज सरकारी नकाशावरही प्राणहिताच आहे. कागदावर एक आणि तोंडी दुसरे, असे नदीचेही होते.

आता ही सीमा कशी कशी बदलत गेली ते क्रमाने सांगते. जवळ वही-पेन असेल तर लिहून घ्या. याचा उपयोग आहे.

१८०३ साली देवगावचा तह झाला. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा वऱ्हाड त्यांच्या हातून गेला. तो निजामाला मिळाला. तेव्हापासून वर्धा ही नागपूर आणि वऱ्हाड यांच्यातली वेस झाली. आजही आपण वऱ्हाडी बोली वेगळी आणि नागपुरी वेगळी म्हणतो, इकडे वैनगंगेच्या काठाला झाडीपट्टी म्हणतो. या भेदांत नदीचा वाटा मोठा आहे. अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांची हद्दही याच नदीवर आहे.

पुढे नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. मग १८६० चा तो तह. इंग्रजांनी अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा केला आणि त्याचे मुख्य ठाणे सिरोंचा. हो, आपले सिरोंचा एकेकाळी जिल्ह्याचे ठिकाण होते. ग्लासफर्ड नावाचा अधिकारी तिथे होता. सिरोंच्याजवळच्या ग्लासफोर्डपेठा या गावाच्या नावात तो अजून राहिला आहे. साहेब गेला, नाव राहिले, आणि आपल्या बायांनी ते बोलता बोलता घासून आपले करून टाकले.

त्या काळात इंग्रजांचा एक मोठा बेत होता. वर्धेच्या खोऱ्यातला कापूस, म्हणजे हिंगणघाट बाजूचा प्रसिद्ध कापूस, बोटींत भरून वर्धा-प्राणहिता-गोदावरी या मार्गाने थेट पूर्व किनाऱ्यावर न्यायचा. पण नदीत तीन ठिकाणी मोठे खडकाळ अडथळे होते. खाली गोदावरीवर दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली, आणि वर प्राणहितेवर देवलमरी. ते फोडायला, बांध-कालवे करायला बरीच वर्षे आणि बराच पैसा गेला. दरम्यान १८६७ साली मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापूस रेल्वेने जाऊ लागला आणि १८७१ साली नदीचे काम सोडून दिले. प्राणहिता जलमार्ग झाली असती तर आज अहेरी-सिरोंचा कदाचित मोठी बंदरे असती. तसे झाले नाही. ती डोंग्यांची आणि ढिवरांच्या जाळ्यांची नदीच राहिली.

१८७४ साली अप्पर गोदावरी जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्यात आले. डावा काठ इंग्रजांच्या मध्य प्रांताचा आणि उजवा काठ निजामाचा. पोलीस वेगळे, कोर्ट वेगळे, नाणे वेगळे. निजामाच्या मुलखात हाली सिक्का चालायचा. पण लग्ने या काठाची त्या काठाला होतच राहिली.

उजव्या काठाचे मालक मग किती वेळा बदलले ते मोजा. १९४८ पर्यंत निजाम. मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा पलीकडचा आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. २ जून २०१४ ला तेलंगणा वेगळे झाले. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याचे तुकडे झाले. नदीपलीकडे आता कोमरम भीम आसिफाबाद आणि मंचेरियाल हे जिल्हे आहेत. कोमरम भीम म्हणजे निजामाविरुद्ध उभे राहिलेले गोंड पुढारी. १९४० साली जोडेघाटला ते मारले गेले. जल, जंगल, जमीन ही त्यांची घोषणा आज देशभर ऐकू येते.

डाव्या काठाचेही बदललेच. १९५६ पर्यंत आपण जुन्या मध्य प्रदेशात. मग द्विभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्ह्याचे नाव चांदा होते, ते चंद्रपूर झाले. २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा झाला. माझ्या आजेसासूबाई आयुष्यभर एकाच घरात राहिल्या, एकाच घाटावर धुणे धुतले. पण त्यांचा पत्ता लिहायचा झाला तर चार राज्ये आणि तीन जिल्हे लिहावे लागतील.

मैत्रिणींनो, आता हे सगळे मी तुम्हाला का सांगते आहे ते ऐका.

आमच्या गल्लीत एक सून आहे. माहेर नदीपलीकडचे. आमच्या घाटावर उभे राहिले की तिच्या गावचे चिंचेचे झाड दिसते. जन्म नव्वदच्या सुमाराचा. तिला एका योजनेचा अर्ज भरायचा होता. जन्माच्या कागदावर जिल्हा आदिलाबाद, राज्य आंध्र प्रदेश. भावाच्या कागदावर जिल्हा कोमरम भीम, राज्य तेलंगणा. तिच्या स्वतःच्या ओळखपत्रावर गडचिरोली, महाराष्ट्र. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, तेही तेलुगूत. लग्नाच्या कागदावर सासरचे नाव. खिडकीतल्या माणसाने विचारले, “बाई, यातली तू कोणती?” आणि कागद परत केले. एकदा नाही, दोनदा. ती माझ्या ओट्यावर येऊन रडली. म्हणाली, “काकू, मी तर कुठंच गेले नाही. नदी ओलांडली फक्त.”

तिचे खरे होते. ती हलली नव्हती. तिच्या पायाखालचे नाव हलले होते. आधी राज्याचे, मग जिल्ह्याचे, आणि लग्नात तिचे स्वतःचे. आपल्यातल्या कितीजणींचे तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले आहे? माझेही लिहिले. माहेरचे नाव मी आता फक्त बालमैत्रिणींच्या तोंडून ऐकते. तेव्हा त्याचे काही वाटले नाही. उलट आवडले होते. नव्या साडीसारखे नवे नाव. पण वडिलांच्या जमिनीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा ती मी आणि ही मी एकच, हे सिद्ध करायला मला सहा महिने लागले. भाऊ बिचारा सोबत फिरला म्हणून जमले.

त्या सुनेसाठी मी एक कागद तयार केला. आत्ता तुम्हाला सांगितल्या त्याच तारखा. २ जून २०१४ ला राज्याचे नाव बदलले. ऑक्टोबर २०१६ ला जिल्ह्याचे नाव बदलले. अमुक तारखेला लग्न झाले, नाव बदलले. तेलुगू दाखल्याचे मराठी भाषांतर करून घेतले. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असे प्रतिज्ञापत्र केले. सगळे एकाखाली एक लावले, नदीचे टप्पे लावतात तसे. तिसऱ्या खेपेला कागद घेतले. माझा भूगोल कोणाच्या इतक्या कामी आला असेल असे मला वाटत नाही. आणि तिच्यासाठी तारखा शोधता शोधताच ही सगळी नदी मला नव्याने समजली. सुरुवातीला म्हटलेले कारण ते हे.

सीमा म्हणजे नकाशावरची रेघ, आपल्याला तिचे काय, असे कोणाला वाटत असेल तर आणखी दोन गोष्टी आठवा.

पहिली, मिरचीची. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला आपल्या गावागावांतल्या बाया टोळ्यांनी तेलंगणात मिरची तोडायला जातात. पोरेबाळे, गंज-ताटली बांधून. एरवी कोणी अडवत नाही. पण २०२० च्या टाळेबंदीत ती रेघ एका रात्रीत खरी झाली. किती बाया तिकडच्या शेतांत अडकल्या, किती पायी निघाल्या. नदी दिसली म्हणजे घर आले असे ज्यांना आयुष्यभर वाटत आले, त्यांना नदी दिसल्यावरच थांबावे लागले.

दुसरी गोष्ट पाण्याची. प्राणहितेवर तुमडीहेटीला बंधारा बांधून पाणी न्यायचा बेत जुन्या आंध्र प्रदेशाने केला होता. तेव्हा पाणीपातळी १५२ मीटर धरली होती. इकडची जमीन बुडेल म्हणून महाराष्ट्राने हरकत घेतली. तेलंगणा झाल्यावर आराखडा बदलला आणि मोठा बंधारा खाली गोदावरीवर, मेडीगड्डाला घेतला. २३ ऑगस्ट २०१६ ला दोन्ही राज्यांचा करार झाला. तुमडीहेटीची पातळी १४८ मीटर आणि मेडीगड्डाची १०० मीटर ठरली. २१ जून २०१९ ला त्याचे उद्घाटन झाले. बंधाऱ्याला नाव दिले लक्ष्मी. वरच्या दोन बंधाऱ्यांना सरस्वती आणि पार्वती. तिकडच्या कोरड्या शिवारांना पाणी मिळावे ही मागणी चुकीची नव्हती. तहान काठ पाहत नाही. पण बंधाऱ्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातल्या नदीकाठच्या शेतांत पाणी शिरते, म्हणून मोबदल्यासाठी आपल्या शेतकऱ्यांना उपोषणाला बसावे लागले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बंधाऱ्याचे काही खांब खचले, साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. पातळी १४८ की १५२ हा चार मीटरचा फरक राजधानीत एक आकडा असतो. काठावर तो कोणाची तरी धानाची बांधी असतो, कोणाचे घर असते. म्हणून असे आकडे बायांना माहीत असले पाहिजेत. ग्रामसभेत विषय निघेल तेव्हा आपल्याला विचारता आले पाहिजे की पातळी किती धरली आहे आणि आमचे घर किती उंचीवर आहे.

रेघ एवढी पक्की असली तरी काही गोष्टी तिला जुमानत नाहीत. दर दोन वर्षांनी माघात तेलंगणात मेडारामला सम्मक्का-सारलम्मांची जत्रा भरते. आपल्या सिरोंचा-अहेरीकडून माणसे लोटतात. सम्मक्का आई आणि सारलम्मा लेक. काकतीय राजाच्या फौजेशी लढलेल्या आदिवासी बाया. त्या लढाईत सम्मक्काचा मुलगा जंपन्ना तिथल्या ओढ्यात मेला असे सांगतात आणि तेव्हापासून त्या ओढ्याला जंपन्ना वागू म्हणतात. त्याचे जुने नाव संपेंगी वागू. पाहा, तिथेही नाव बदलले. पण कोणा राजाने फर्मान काढून बदलले नाही. एका आईच्या दुःखाने बदलले, आणि ते लोकांनी शेकडो वर्षे जपले.

दर बारा वर्षांनी प्राणहितेचा पुष्करही येतो, गुरू मीन राशीत जातो तेव्हा. एप्रिल २०२२ मध्ये आला होता. सिरोंच्याच्या घाटावर इकडच्या बाया आणि तिकडच्या घाटावर तिकडच्या बाया, एकाच पाण्यात. मी तेव्हा तिथे होते. शेजारच्या तेलुगू आजीने माझ्या ओंजळीत फुले घातली आणि नदीचे नाव घेतले. मला तिच्या बाकीच्या बोलण्यातले अर्धेच कळले. नाव पूर्ण कळले.

आता गेल्या काही वर्षांत नदीवर पूल झाले. पूर्वी डोंग्याने जायचो, पावसाळ्यात चार महिने माहेर बंद असायचे. आता मोटारसायकलने दहा मिनिटांत पलीकडे. सोय झाली, चांगले झाले. पण डोंग्यात बसून पाण्याला हात लावून नमस्कार करायची सवय गेली. पुलावरून जाताना पोरांना सांगायचे राहून जाते की खाली जी वाहते आहे ती कोण.

तर माझे दोनच मागणे आहे. घरी गेल्यावर, म्हणजे तुम्ही घरीच आहात, पण रेडिओ बंद केल्यावर, एक वही घ्या. पहिल्या पानावर तुमचे माहेरचे पूर्ण नाव लिहा, जन्मगाव लिहा, तेव्हाचा जिल्हा आणि राज्य लिहा. मग नाव कधी बदलले, गावाचा जिल्हा कधी बदलला, त्या तारखा लिहा. सासूबाईंचे लिहा, त्या सांगू शकतात तोवर. नदीपलीकडून आलेली सून असेल तर तिचे आधी लिहा. कागदपत्रांच्या झेरॉक्स त्याच वहीत ठेवा. वेळ आली की ही वही कामी येईल.

आणि दुसरे, नातवंडांना घाटावर नेऊन हात धरून दाखवा की बाळा, या पाण्यात मुलताईचे पाणी आहे, सिवनीचे आहे, अजिंठ्याच्या डोंगरातले आहे. वर तिला वर्धा म्हणतात, वैनगंगा म्हणतात, इथे प्राणहिता म्हणतात, पुढे गोदावरी म्हणतील. नावे तिला माणसांनी दिली, प्रत्येक ठिकाणच्या माणसांनी आपापल्या परीने. ती एकही नाव नाकारत नाही. पण ती कुठून आली हे काठावरच्या माणसाला ठाऊक असले पाहिजे. आपल्या लेकीसुनांचेही तसेच आहे.

बोलण्यात काही राहिले असेल तर पत्र टाका, किंवा घाटावर भेटलात तर सांगा. तुमच्या गावच्या घाटाचे, डोहाचे, जुन्या उताराचे नाव मला जरूर कळवा. ती नावे नकाशावर नाहीत, तुमच्या तोंडी आहेत. मी ती वहीत लिहून ठेवते आहे.